पन्नास उठाबशा आणि एक फ्रॉक

शुक्रवारी मुलीचा फोन आला, "बाबा, रविवारी येतोय आम्ही," आणि मी ठरवलं, या वेळी नातीला उचलून घ्यायचंच. पाच वर्षांपूर्वी निघताना तिने माझ्यापुढे हात वर केले होते आणि मला वाकताच आलं नव्हतं. (मी शिंपी. पाय चाळीस वर्षं फक्त मशीनचं पायडल मारण्यापुरते वापरलेले.) ते इवलेसे हात काही केल्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

"पायांत जोर कसा आणायचा गं?" मी फोनवरच मुलीला हळूच विचारलं.

"आधी थोडं चाला, अंग गरम होऊ द्या. मग पाच उठाबशा. रोज एकदोन वाढवा. एकदम केल्यात तर दुसऱ्या दिवशी पाय धरून बसाल!"

पण माझ्या हातात होता एकच दिवस. शनिवारी खाटेवरून उठलो तो सरळ पन्नास काढल्या.

"अहो, शिक्षा कुणी केली?" ही स्वयंपाकघरातून ओरडली.

दुपारी जुन्या वहीतलं नातीचं माप काढून फ्रॉक शिवला. शिवणीत दोन बोटं माया सोडली. (जादा कापडाला आम्ही शिंपी माया म्हणतो.)

रविवारी मांड्यांचे दगड झाले होते. बेल वाजली.

"उठा की!" ही म्हणाली.

"उठतोय."

"कधीपासून?"

दारातून एक उंच मुलगी आत आली. मी तिच्यामागे माझी नात शोधू लागलो.

"आजोबा, मीच!"

(जन्मभर लोकांची मापं घेतली, पण पोरं वाढतात हे विसरलो.)

उठायला आधार हवा म्हणून मी हात वर केले. तिने काखेत हात घालून मला उभं केलं.

"आईने सांगितलेल्या उठाबशा अंग गरम न करताच केल्यात ना? आमचे खेळाचे सर यावरूनच रागावतात."

तीन दिवस तिने मला हाताला धरून अंगणात हळूहळू चालवलं. मग मुलीकडचे सगळे परत गेले.

फ्रॉक तिच्या डोक्यातूनही उतरला नव्हता. हिच्या सांगण्यावरून मी त्याचा गळा आणि बाह्या शिवून टाकल्या. आता रोज पाच उठाबशा झाल्या की ही त्यात गरम मीठ भरून, खालून गाठ मारून शेकायला देते. तो मांडीवर घेतला की कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं.

"अहो, मीठ केव्हाच गार झालंय. ठेवा आता खाली."

"असू दे," मी म्हणतो. "एवढं तरी मला उचलता येतं."