पुंडलिकमाम आणि मशीनमधली बाई

आमचे शेजारी पुंडलिकमाम साध्या आवाजात बोलतच नाहीत. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की अंगणातून घोषणा होते, "पोदेर महाशयांचे आगमन झालेले आहे. गरम उंड्यांचा लाभ घ्यावा! पोचला आवाज?"

पोचतो. थेट धारगळपर्यंत पोचत असावा.

पार्सेच्या जत्रेत मामांनी उभी हयात माइक सांभाळला. एकदा नाटकाच्या वेळी माइक बंद पडला, तर तो बंद पडलाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

काजूच्या हंगामावर मी छोटीशी फिल्म केली, तेव्हा निवेदन मामांचंच असणार असं मी बोलून बसलो होतो. फिल्म जोडत होती माझी पुतणी शर्वरी. ती म्हणाली, "काका, एआयचा आवाज घेऊया. मामा बोलले तर बोंडं झाडावरून खाली पडतील."

शेवटी दोन्ही ऐकून ठरवायचं झालं. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले.

आधी मशीनमधली बाई बोलली. गोड, स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. मामा कान देऊन ऐकत होते.

"गो बाय, ही श्वास खंय घेता?"

"घेतच नाही, मामा."

"मगे दमणा कशी नाय?"

मग मामांची पाळी. पहिल्याच वाक्याला माडावरचे कावळे उडाले. शर्वरीने माइक लांब नेला, आणखी लांब नेला, शेवटी दाराबाहेर ठेवला.

"मामा, हळू. शेजाऱ्याशी बोलल्यासारखं."

"शेजाऱ्याकडे मी असोच बोलतंय. विचार तुझ्या काकाक!"

मी मान डोलावली.

"बरं, मग घरात बोलता तसं बोला."

"घरात?" मामा थांबले. सुशीलामामी जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा आखातात. शर्वरीला आपलं बोलणं चुकल्यासारखं वाटलं, ती काही म्हणणार तोच मामांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले. बोंडं वेचायला माणसं डोंगरावर कशी जातात, पहिला रस कसा गळतो. आवाज थोडा घोगरा, मधेच श्वास घेणारा. पण समोर कुणी बसलंय आणि त्यालाच सांगतोय, असा. शर्वरीने माइक पुन्हा आत आणला.

फिल्ममध्ये मामांचाच आवाज घेतला. शाळेच्या पटांगणात दाखवली तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या. मामांनी उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शर्वरीकडे आले.

"ती बाई पुसून टाकलंस?"

"नाही, आहे."

"तिका एक वाक्य म्हणूक सांग. 'जेवलात काय?' इतक्याच. माझ्या मोबाइलात घाल."

शर्वरीने केलं. मामांनी मोबाइल कानाला लावला, एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"बरां जमला," ते म्हणाले. "फक्त जरा हळू म्हणूक सांग, बाय. आमची सुशीला हळू विचारायची."