ब्रेकची साक्ष काढणारे दस्तगीरचाचा

पहिल्याच तपासणीत दस्तगीरचाचा आमच्या गाडीकडे ढुंकूनही न बघता रस्त्यावर पालथे झोपले.

सकाळचे दहा वाजले होते. माधवनगरातल्या बंद गिरणीच्या भिंतीलगतचा रस्ता. मधोमध खाकी शर्टातला, पांढऱ्या दाढीचा, सत्तरीतला हा माणूस एक गाल डांबराला टेकवून टायरच्या काळ्या खुणा निरखत होता. मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर ओरडला, "ओ चाचा, उठा की! मरायचंय काय?"

चाचा तसेच पडून म्हणाले, "थांब रं गड्या. साक्ष चालू हाय."

साक्ष हा त्यांचा लाडका शब्द. 'आधी साक्ष, मग पाना' हे दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतं. त्यांच्या गॅरेजला पाटी नाही, आणि ब्रेकशिवाय दुसरं काम ते घेत नाहीत. इंजिनाचं काही घेऊन गेलात तर, "ते पळवायचं काम. आपलं थांबवायचं," म्हणून सरळ पुढच्या गॅरेजला पाठवतात. ब्रेकला हात लावण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतात. तेलकट बोट लागलेलं त्यांना खपत नाही. आणि 'बहुतेक' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. एका गिऱ्हाइकाने "बहुतेक लायनर गेलं असंल" म्हटल्यावर चाचांनी त्याला किल्ली परत दिली होती. "बहुतेक गेलं असंल तर बहुतेक घरी जावा."

माझ्यासारखा कॉलेजातल्या लायब्ररीत पुस्तकं लावणारा माणूस त्यांच्यापर्यंत पोचला तो सुनंदामुळे. सुनंदा माझी बायको. तासगावच्या पुढे एका शाळेत शिकवते. सेहेचाळिसाव्या वर्षी ती हट्टाने गाडी शिकली आणि दिवाळीत आम्ही एक जुनी गाडी घेतली. "साताऱ्याची गाडी आहे, पुराचं पाणी बघितलेलं नाही," असं विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात कवलापूरच्या पुढे कुत्रं आडवं आलं. सुनंदाने ब्रेक दाबला, मागची चाकं जाम झाली, गाडी गर्रकन फिरली आणि द्राक्षबागेच्या तारेत जाऊन बसली. तिला खरचटलंही नाही. कुत्रंही वाचलं. पण घरी आल्यावर तिने किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून एसटीने जायला लागली.

मी, माझा मेव्हणा आणि त्याची दोन धिप्पाड मुलं अशी आमची समिती गाडी तपासायला निघाली. तीनदा करकचून ब्रेक मारला. तिन्ही वेळा गाडी नाकासमोर थांबली. मेव्हणा म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. ताई घाबरली असणार."

मीही म्हणालो, "जरा जास्तच जोरात दाबलास तू."

सुनंदाने वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. शेवटी माझं मलाच राहवेना, म्हणून गाडी घेऊन मी माधवनगर गाठलं.

मी तोंड उघडताच चाचांनी विचारलं, "गाडी चालवत कोण हुतं?"

"मिसेस."

"मग तुमी कशाला बोलताय? त्यास्नी आणा."

मोठ्या मिनतवारीने रविवारी सुनंदा आली. चाचांनी तिच्या उजव्या पायातली चप्पल मागून घेतली, उलटी केली आणि सोनार दागिना बघतो तशी बघितली. "टाच झिजलीया, चवडा शाबूत हाय. ह्यो पाय घाबरट न्हाई. तवा गाडीत कोण कोण हुतं बाई?"

"मी एकटीच."

"डिकीत?"

"मुलांच्या वह्या. बाकी काही नाही."

चाचा माझ्याकडे वळले. "आन् सर, तुमी बघितली तवा?"

"आम्ही चौघं होतो."

"समदी तुमच्याच मापाची?" माझ्या पोटाकडे बघत त्यांनी विचारलं. सुनंदा खुदकन हसली. कित्येक दिवसांनी.

मग शेजारच्या दुकानातून हळदीची तीन पोती आली. ती मागे लादून मला ब्रेक मारायला लावला. गाडी सरळ थांबली. पोती उतरवून पुन्हा मारायला लावला. चाकं किंचाळली आणि गाडीचा मागचा भाग भिंतीच्या बाजूला सरकला. चाचा रस्त्यावर पालथे झोपले ते याच वेळी.

ट्रॅक्टर गेल्यावर ते उठले, गालाची खडी झाडली, हात धुतले आणि गाडीखाली शिरले. आतूनच बोलू लागले. मागे एक वॉल्व्ह असतो म्हणे. मागचं वजन बघून तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. गाडी भरलेली असली तर जास्त, रिकामी असली तर कमी. आमचा जाम होऊन बसला होता आणि रिकाम्या गाडीलाही भरल्या गाडीचा ब्रेक देत होता. बाहेर येऊन चाचांनी माझ्या तळहातावर वाळलेल्या गाळाचा एक खडा ठेवला.

"सर, तुमची गाडी पोहून आलीया."

मग ते सुनंदासमोर जाऊन उभे राहिले. "बाई, तुमची चूक न्हाई. गाडीची हाय. तुमी ब्रेक बरोबर मारला म्हणून त्ये कुत्रं जित्तं हाय."

सुनंदा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पदर नीट करत राहिली. मी म्हणालो, "चुकलो मी." ती मान हलवून "हं" म्हणाली.

वॉल्व्ह बदलला, गाडी घरी आली. पण सुनंदा काही स्टिअरिंगला हात लावेना. सोमवारी सकाळी साडेसहाला फाटक वाजलं. दारात चाचा.

"ब्रेक अजून मला पटंना. बाईंनी चालवायची, मी शेजारी बसून ऐकतो."

असं रोज चाललं. पहिल्या दिवशी माधवनगरापर्यंत, मग कवलापूर, मग थेट शाळा. परतताना चाचा वडापच्या जीपने यायचे. संध्याकाळी सुनंदा मला त्यांच्या गोष्टी सांगायची. त्यांची बायको रशिदा चार वर्षांपूर्वी गेली. तिला गाडी शिकायची होती. चाचा म्हणायचे, "शिकवतो की, एवढं काम हुंदे." कामं संपली नाहीत, आणि शिकवायचं राहून गेलं.

बाराव्या दिवशी सुनंदा एकटी साताऱ्याला गेली, आईला चार दिवसांसाठी इकडे घेऊन यायला. दुपारी तिचा पोचल्याचा फोन आला, तसा मी चाचांना सांगायला गेलो आणि विचारलं, "शेवटी ब्रेकमध्ये काय सापडलं?"

"ब्रेकात काय सापडायचंय? त्यो वॉल बदलला तवाच बरा झाला हुता," ते हात पुसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा फाटक वाजलं. चाचा दारात उभे, स्वतःवरच ओशाळलेले. "बाई न्हाईत, ठाव हाय मला. पाय आपसूक वळले बगा."

मी त्यांना आत बसवलं, चहा ठेवला आणि सुनंदाला फोन लावून त्यांच्या हातात दिला. तिचा आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होता.

"चाचा, परवा आईला घेऊन येते. ती एकटी कंटाळेल, तिला रोज सकाळी कुठेतरी फिरवून आणूया. तुम्ही पण चला. मला रस्ते कुठे माहीत आहेत?"

"येतो की," चाचा म्हणाले. फोन त्यांनी शर्टाला पुसून परत दिला. बशीतला चहा त्यांनी सावकाश संपवला आणि उठले.

"परवा म्हणत्यात. पण मी उद्या बी येतो सर," ते चपला घालता घालता म्हणाले. "च्या प्यायला गाडी कशाला लागतीया?"