वरच्या मजल्यावरचं काम

शनिवारी सकाळी दहाला तीन मिनिटं कमी असताना तपासनिसांनी वर्तमानपत्राची घडी केली, चष्मा पुसला आणि ते छताकडे बघत बसले. बरोबर दहा वाजता छत गुरगुरलं. आधी ड्रिल मशीनची लांबलचक घरघर, मग हातोड्याचे सात-आठ ठोके, मग पुन्हा घरघर. मांडणीवरचे पेले एकमेकांना भिडून किणकिणायला लागले.

"सहावा शनिवार," तपासनीस म्हणाले.

"लोकांनी घराचं काम काढलं की आवाज होतोच," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काम असलं की आवाज होतो, हे मान्य. पण आवाज आहे म्हणजे काम आहेच, असं कुणी सांगितलं?"

सत्तावीस वर्षांच्या संसारात कुठल्या वाक्याला उत्तर द्यायचं आणि कुठल्या वाक्यावर फोडणी द्यायची, हे बायकोला पक्कं कळलं होतं. तिने फोडणी दिली.

तपासनीस विमा कंपनीत होते. कुणाचं दुकान जळलं, कुणाची गाडी चोरीला गेली, की तिथे जाऊन खरं-खोटं करायचं हे त्यांचं काम. दुधात पाणी आहे का हे कुणीही बघतो, हे गृहस्थ पाण्यात दूध आहे का तेही बघायचे. ऑफिसात त्यांना मागून 'शंकासुर' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं, कारण असं कुणीतरी म्हणत असणार ही शंका त्यांना पहिल्याच दिवशी आली होती.

वर राहणारं जोडपं अगदी गरीब गाय. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, बायको औषधांच्या दुकानात होती. आणि नेमकं हेच तपासनिसांना खटकत होतं. सहा आठवडे काम चाललंय म्हणतात, पण वर सिमेंटचं एक पोतं गेलेलं नाही. खाली राडारोड्याची एक पाटी आलेली नाही. जिन्यात धूळ नाही. त्यांनी कठड्यावरून बोट फिरवून पाहिलं होतं. गवंडी नाही, सुतार नाही, फरशीवाला नाही. रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "वर? वर कुणीच गेलं नाही साहेब. मास्तर तेवढे भाजी घेऊन जातात."

"कसली भाजी?"

"आज दुधी होता."

तपासनिसांनी तेही लक्षात ठेवलं.

एकदा मास्तर लिफ्टमध्ये तावडीत सापडले. "काय मास्तर, काम कुठवर आलं?"

"चाललंय," मास्तर लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाले.

"पण कसलं काम?"

"असंच. डागडुजी." आणि चौथ्या मजल्यावर राहणारे मास्तर दुसऱ्याच मजल्यावर उतरले.

तेव्हापासून तपासनिसांच्या डोक्यातल्या संशयाने बाळसं धरलं.

"मला वाटतं, ते काहीतरी लपवण्यासाठी भिंतीत कप्पे करतायत," सातव्या शनिवारी ते बायकोला म्हणाले. "किंवा भुयार."

"चौथ्या मजल्यावर भुयार?" बायको म्हणाली. "ते खणत आले तर आपल्याच पंख्यावर पडतील."

पण तपासनीस एव्हाना स्टुलावर चढले होते. स्टुलावर पाट, पाटावर ते, आणि त्यांच्या हातात स्टीलचा पेला. पेल्याचं तोंड छताला आणि बूड कानाला लावून ते मान वाकडी करून उभे राहिले. घरघर थांबली. वरून मास्तरांचा आवाज आला, अगदी स्पष्ट:

"नाही नाही, इकडे नकोच! आहे तिथेच राहू दे. इकडे आणलं तर सगळं उघडं पडेल!" मग थोडं हळू, "अगं थांबलीस का? चालव, चालव!" आणि पेल्यात अशी काही घरघर उठली की तपासनिसांच्या दाढा हलल्या. पाट एकीकडे गेला, स्टूल दुसरीकडे. तपासनीस मधोमध गादीवर पडले म्हणून वाचले. ती गादी बायकोने दहाच मिनिटांपूर्वी, काही न बोलता, तिथे आणून टाकली होती.

"चोरीचा माल!" ते पडल्या पडल्या म्हणाले. "मी चाललो वर."

"मान सरळ होत नाहीये तुमची."

"जाऊ दे. डावीकडचं नीट दिसतंय."

अशी मान डावीकडे वळलेल्या अवस्थेत ते जिना चढले. मास्तरांचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या घरघरीत घंटी कुणाला ऐकू येणार? तपासनिसांनी दार ढकललं आणि ते जागच्या जागी थिजले.

घर आरशासारखं लख्ख होतं. सोफ्यावर इस्त्रीचे अभ्रे, खिडकीत नुकतं पाणी घातलेली रोपं. आणि खोलीच्या मधोमध, फरशीवर, एक जुनी फळी आडवी पडलेली. भोकं पडून पडून तिची चाळण झाली होती. फळीच्या एका टोकावर पाय ठेवून मास्तरांची बायको, डोक्याला रुमाल बांधून, तिच्यात ड्रिल मशीनने आणखी एक भोक पाडत होती. मास्तर एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन तिच्या शेजारी उभे होते.

"हे काय?" तपासनीस ओरडले. नेमकं त्याच क्षणी बाईंनी मशीन बंद केलं, त्यामुळे पुढचं वाक्य साऱ्या शांततेत घुमलं. "अहो, इथे काम कुठे चाललंय? घर तर चकचकीत आहे!"

मास्तरांचा चेहरा फळीसारखा झाला. फोनमधून एक भरदार आवाज आला, "कोण रे तो? घर चकचकीत म्हणाला?"

"मामा, ते... ते..." मास्तरांची नजर सैरभैर फिरली आणि तपासनिसांवर येऊन थांबली. त्या नजरेत असं काही होतं की आजवर दुकान जळालेल्या कुणालाही दाद न देणारे तपासनीस क्षणभर विरघळले. "ते आमचे कंत्राटदार, मामा. त्यांचं म्हणणं असं की, घर चकचकीत होणार आहे."

"असं होय! हाच का तो आडमुठा? दे त्याला."

मास्तरांनी हात जोडले. बाईंनी मशीनसकट हात जोडले. तपासनिसांनी फोन घेतला.

"काय हो कंत्राटदार, गिलाव्याला सिमेंट-वाळूचं प्रमाण किती धरलंय?"

तपासनीस उभ्या आयुष्यात प्रश्न विचारत आले होते. उत्तर द्यायची सवय नव्हती.

"भरपूर," ते म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "भरपूर? भाच्याच्या घराचं वाटोळं होण्याआधी मला आलंच पाहिजे. येत्या शनिवारी पोचतो." आणि फोन बंद झाला.

मग सगळं बाहेर आलं. मामा म्हणजे जुने गवंडी. चाळीस वर्षं थापी चालवून थांबले होते, हात मात्र थांबायला तयार नव्हते. गेल्या खेपेला चार दिवसांसाठी आले ते दोन महिने राहिले आणि "इथे पोकळ वाजतंय" म्हणत स्वयंपाकघराचा ओटा काढून बसले. त्या दोन महिन्यांत या दोघांनी भांडी न्हाणीघरात घासली. म्हणून यंदा, घराचं काम काढलंय आणि कंत्राटदार दुसऱ्या मिस्त्रीला उभं करत नाही, अशी थाप मारली होती. मामा शनिवार-रविवार दहा वाजता न चुकता फोन करायचे, म्हणून ही फळी. मघाचं 'इकडे नकोच' हे मामा पाठवू म्हणत होते त्या हत्यारांबद्दल होतं; इथे ती उघडी पडतील, असं मास्तर सांगत होते.

"अहो, पण गवंड्याला घराचं काम निघाल्याचं सांगायचं म्हणजे मांजराला दूध उतू गेल्याचं कळवायचं!" तपासनीस म्हणाले. "आजारपण सांगायचं होतं."

"आजारपण सांगितलं असतं तर सेवेला आले असते," मास्तर म्हणाले.

तपासनिसांना खरं तर तक्रार लिहायची होती. पण आता ते स्वतःच बनावट कंत्राटदार झाले होते, आणि बनावट माणसाने तक्रार कुणाकडे करायची?

पुढच्या शनिवारी सकाळी मास्तरांनी शाळेतल्या खडूंचे तुकडे कुटून त्यांची पूड सोफ्यावर, रोपांवर आणि स्वतःच्या केसांवर उधळली. सगळ्या सामानावर चादरी टाकल्या. मामा आले ते एक पिशवी आणि एक ओळंबा घेऊन. चण बारीक, पण हात असे की दाराची कडी त्यांच्या मुठीत दिसेनाशी झाली. खोलीभर फिरून त्यांनी पूड चिमटीत घेतली, हुंगली आणि बोटं झटकली.

"इथे फार धूळ आहे मामा, तुमची झोपायची सोय खाली कंत्राटदारांकडे केलीय," मास्तर घाईघाईने म्हणाले.

हे तपासनिसांना तिथेच, त्या क्षणी कळलं.

त्यांच्या बायकोने मामांना पाणी दिलं, चहा दिला, जेवायला वाढलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांची नुकती सरळ झालेली मान आपोआप खाली गेली. मामा दिवसभर शांत होते. बोटाच्या पेराने एकेक भिंत वाजवत होते, एवढंच. तपासनीस त्यांच्यावर नजर ठेवून होते. म्हाताऱ्याला कळलंय? नाही कळलेलं? कळलं असेल तर बोलत का नाही? आयुष्यात पहिल्यांदाच ते आरोपीच्या बाकावर बसले होते आणि बाक फार टोचत होता.

संध्याकाळी दोघे गॅलरीत बसले असताना मामा एकदम म्हणाले, "तुम्ही कंत्राटदार नाही."

तपासनिसांनी हातातली बशी खाली ठेवली. "कशावरून?"

"कंत्राटदार असता तर सकाळपासून तीनदा उठून गेला असता. एका जागी बसणारा कंत्राटदार मी बघितला नाही." मामा हसले. "आणि फळी आहे ती. पहिल्याच शनिवारी ओळखलं मी. लाकडात मशीन सरळ गात जातं. भिंतीत ते अडखळतं, वीट लागली की वेगळं रडतं. चाळीस वर्षं ऐकलंय हो. त्यात खडूची पूड! सिमेंटचा वास नको यायला?"

"मग आधी बोलला का नाही?"

मामा खाली रस्त्याकडे बघत राहिले. "काय बोलायचं? आमच्या घरी आता मी एकटाच. दिवसभर फोन वाजत नाही. भाच्याला मी नको असेन, ते ठीकच आहे, मी ओटा फोडला होता. पण मला फसवायला म्हणून का होईना, दर शनिवारी-रविवारी दोघं नवरा-बायको तयारीत बसून माझ्या फोनची वाट बघायची. सव्वा तास बोलायची. खोटं सांगायला माणूस फार बोलतो. मी खोटं पकडलं असतं, तर फोन दोन मिनिटांत संपला असता."

तपासनिसांनी आजवर शेकडो खोटी प्रकरणं उघडी पाडली होती. खोटं ठाऊक असून त्याला जपणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता. ते म्हणाले, "मास्तरांना मी काही सांगणार नाही."

"नकाच सांगू," मामा म्हणाले आणि उठताना त्यांनी गॅलरीच्या दाराशेजारची भिंत वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. कान लावला. "कंत्राटदार, या भिंतीमागच्या तुमच्या न्हाणीघरातला नळ आतून पाझरतोय. ही भिंत ओली आहे. सहा महिन्यांत पडेल."

"तुम्ही सगळ्यांनाच असं सांगता का?" तपासनिसांचा संशय सवयीने जागा झाला.

मामांनी त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला. भिंत खरोखरच गार आणि दमट होती.

"आता तूच बघ काय ते," कपबश्या न्यायला आलेल्या बायकोकडे वळून तपासनीस म्हणाले.

"भिंत पडायच्या आधी बघू दे त्यांना," बायको म्हणाली. "आणि मामा, ओटा मात्र माझा आहे, त्याला हात लावायचा नाही."

"शब्द," मामा म्हणाले.

रविवारी सकाळी दहा वाजता न्हाणीघरात छिन्नी पहिल्यांदा विटेला भिडली. थोड्याच वेळात तपासनीस गुडघाभर राडारोड्यात, डोक्याला पंचा गुंडाळून, मामा सांगतील तिकडे बॅटरी धरून उभे होते. मामांच्या पिशवीतलं मशीन भिंतीत शिरलं, अडखळलं, रडलं, आणि तपासनीस आनंदाने ओरडले, "वीट! ही वीट लागली ना मामा?"

अर्ध्या तासाने दाराची घंटी वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर मास्तर उभे होते. कित्येक आठवड्यांनी आज फोन येणार नव्हता, म्हणून दोघं नवरा-बायको उशिरापर्यंत झोपणार होते. त्यांच्या केसांत अजून थोडी खडूची पूड होती.

"काकू, जरा काकांना सांगता का," ते डोळे चोळत म्हणाले, "आज रविवार आहे हो. खालून फरशी सगळी हादरतेय."

"मला नका सांगू. मिस्त्री आत आहेत, त्यांनाच विचारा."

मास्तर चाचरत न्हाणीघराच्या दाराशी गेले. मामांनी मागे वळूनही पाहिलं नाही. भिंतीतल्या भोकातून पाण्याची बारीक धार उडत होती आणि त्यांनी ती अंगठ्याने दाबून धरली होती.

"आलास?" ते म्हणाले. "चप्पल काढ आणि इथे अंगठा ठेव. जोरात. आणि मी म्हणेपर्यंत हलायचं नाही."

मास्तरांनी अंगठा ठेवला. मामा पान्हा शोधायला गेले ते चांगला सव्वा तास परत आले नाहीत. स्वयंपाकघरातून त्यांच्या गप्पांचा आवाज मात्र येत होता, आणि मास्तरांना जागचं हलता येत नसल्यामुळे त्यांनाही तिथूनच, ओरडून ओरडून, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत होतं.