कर्नलसाहेबांचा पांढरा मोजा

पुरुषोत्तमराव हे जगातले दोन नंबरचे गुप्तहेर होते. पहिला नंबर त्यांनी केवळ सौजन्यापोटी रिकामा ठेवला होता. पोस्टात तीस वर्षं काढल्यामुळे बंद पाकिटातला मजकूर त्यांना नुसत्या वासावरून कळे. तो बरोबर कधीच नसे, एवढंच.

विमानं बंद झाल्यामुळे हे महापुरुष सपत्नीक लेकीकडे, आयर्लंडातल्या नास गावी, सव्वा वर्ष अडकले होते. लेकीच्या भाड्याच्या घरात घरमालकीण ब्रेननबाईंच्या खापरपणजोबांच्या दोन तसबिरी होत्या. एकीत ते तलवारधारी कर्नल. दुसरीत राणीचे दरबारी: मखमली कोट, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे.

जून २०२१मधल्या एका शुक्रवारी दुपारी दरबारी गायब! आणि घराचा करार वाढवायचा की नाही, ते ठरवायला ब्रेननबाई चार वाजता येणार होत्या.

"बाबा, पणजोबा हरवले तर आपण रस्त्यावर," विभावरी रडवेली झाली. "दुसरं घर मिळतंय कुठे इथे?"

"संशयित पहिला, पार्सलवाला. तोंड झाकून येतो!"

"वर्षभर सगळेच झाकतायत, बाबा."

पुरुषोत्तमरावांनी भिंतीवरच्या कर्नलकडे रोखून पाहिलं. "मग हा. त्या मोजेवाल्यावर खुन्नस आहे याची. नजर बघ."

"अहो बाबा, दोघं एकच आहेत!"

"तेच म्हणतोय. घरचाच माणूस."

डोकं चालायला पोटात काहीतरी हवं, म्हणून ते मागच्या बागेत गेले. नासला चुकून कडक ऊन पडलं होतं आणि पत्नी विजयालक्ष्मीबाईंचे उडदाचे पापड प्लॅस्टिकवर कडेला कड लावून वाळत होते. रावांनी तीन ओलसर पापड उचलून खाल्ले. तिसऱ्याखाली पांढरा मोजा दिसला.

"जयेश!" ते जावयावर गरजले. "मोजे कुठेही टाकतोस?" आणि घराण्याची अब्रू म्हणून त्यावर शेजारचा पापड सरकवला.

चार वाजता ब्रेननबाई बागेतच बसल्या. त्यांनी चवीपुरता एक पापड उचलला. खालून एक निळा डोळा त्यांच्याकडे बघत होता.

विभावरीने डोळे मिटले.

"वाऱ्याने प्लॅस्टिक उडत होतं," विजयालक्ष्मीबाई शांतपणे म्हणाल्या. "जड, सपाट काहीतरी हवं होतं. त्या तलवारवाल्याला काच नाही, याला आहे. पुसून देते."

लेकीने घाबरत घाबरत ते इंग्रजीत सांगितलं. पापडातल्या मिऱ्याच्या ठसक्याने ब्रेननबाईंचे डोळे वाहत होते.

"जन्मभर राणीच्या दाराशी नुसता उभा होता मेला," त्या खोकत म्हणाल्या. "आज पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला. ग्रँड! करार दोन वर्षं वाढवू. हे पापड अजून आहेत का?"

"मला मोज्यावरूनच संशय आला होता," पुरुषोत्तमराव वहीत 'तपास यशस्वी' लिहीत म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तोंडात पुरावा होता."