जेऊरकडून मावशी

मल्हारचं लग्न ठरता ठरता एका मावशीपाशी अडलं, आणि ती मावशी म्हणजे खुद्द नवरी होती.

वैरागची दिपाली मल्हारला पसंत होती, दिपालीलाही मल्हार पसंत होता. तो सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर नक्षी काढतो आणि व्यसन म्हणाल तर चहाचं, एवढी माहिती काढून मुलीकडचेही राजी झाले होते. पण मल्हारचे आजोबा हरिबा यांनी बैठकीत बोटं मोजली. जेऊरच्या बजाबाईकडून मोजलं, तर दिपाली मल्हारच्या आईची लांबची मावसबहीण लागत होती. म्हणजे मल्हारची मावशी. मावशीशी लग्न लावायचा रिवाज अजून तरी निघालेला नव्हता.

मल्हारच्या आईने दाराआडून हळूच सांगून पाहिलं, की दुधनीच्या बिरप्पाकडून मोजलं तर तीच पोरगी मल्हारच्या मामाची लेक लागते, आणि मामाच्या लेकीला आपल्यात कुणाची ना नसते. पण हरिबांची उभी हयात मेंढरं मोजण्यात गेली होती. मोजणीत आपली चूक होते, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"तोंडी न्हाय," ते म्हणाले. "कागदावर दाव. समदी माणसं, समद्या रेघा. ऐतवारी पावणं येत्यात, त्येंच्यासमोर ठरवू."

दिपालीसाठी करमाळ्याचं दुसरं स्थळ चालून आलं होतं. रविवार हुकला की दिपाली हुकली. मल्हारला जेवण जाईना.

त्याने आधी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने नाती काढायला घेतली. पाच गावांतली चौऱ्याऐंशी माणसं होती, आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांतच सोयरिकी केल्या होत्या. विसाव्या नावापर्यंत कागदावर लोकरीचा गुंता झाला. तेव्हा त्याने इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्राम शोधला. कोण कुणाचं कोण, एवढं टाइप केलं की तो सगळ्यांना पिढीप्रमाणे ओळीने बसवून मधल्या रेघा सुबक काढून देत असे. फक्त तो तयार मिळत नव्हता, त्याचा कोड मिळत होता. म्हणजे भाकरी मागावी तर पदरात ज्वारी पडली, आणि दळायची गिरणीही आपणच बसवायची. या गिरणीला कंपायलर म्हणतात.

बुधवारी त्याने कंपायलर बसवला आणि हुकूम टाइप केला. विंडोजने कळवलं, की या नावाचं इथे कुणी राहत नाही. मल्हारने चन्नवीरला फोन लावला. हा त्याचा दुधनीचा मित्र, कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायचा.

"पाथ दिलास का?" चन्नवीरने विचारलं.

"डेस्कटॉपवरच हाय की समदं."

"आसून काय उपेग? त्येला वाट सांगाय पायजे."

वाट सांगितली. गुरुवारी कंपायलर सापडला, पण त्याच्या जोडीला मेक नावाचं आणखी एक अवजार लागतं असं निघालं. ते दुसरीकडून उतरवलं, तर त्याच्यासोबत आणखी एक कंपायलर येऊन बसला. एका चुलीवर दोन जावा आल्यावर जे व्हायचं ते झालं. एकीची भांडी दुसरी वापरू लागली. मल्हारने त्यातला एक काढून टाकला. तो चुकीचा निघाला. शुक्रवारी सगळं पुन्हा बसवलं, तर अँटिव्हायरसला मेकचा संशय आला आणि त्याने त्याला कोंडवाड्यात घातलं. तिथून सोडवून आणण्यात संध्याकाळ गेली. दिपालीचा फोन आला, तेव्हा काम होत आलंय असं मल्हारने सांगितलं. हे त्याने बुधवारीही सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी दळण सुरू झालं आणि लगेच थांबलं. फाइल सापडत नाही, असा निरोप होता. फाइलच्या पत्त्यात मधेच चार प्रश्नचिन्हं होती.

चन्नवीर मोटरसायकल काढून घरी आला. पडद्याकडे बराच वेळ बघून त्याने विचारलं, "ह्यो चार प्रश्नचिन्हांचा मालक कोन?"

मल्हार ओशाळला. लॅपटॉप नवा आला, तेव्हा आजीने, म्हणजे मायाक्काने, त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. मग विंडोजने नाव विचारलं. नव्या वस्तूवर आधी श्री काढायचा आणि खाली आपलं नाव, हे हरिबांनी बजावलं होतं. मल्हारने श्री टाइप केला. खाली जागाच आली नाही, तेवढंच नाव पक्कं झालं. तेव्हापासून विंडोजच्या दप्तरी या लॅपटॉपचा मालक श्री होता आणि मल्हारचं सगळं चंबूगबाळं श्री नावाच्या फोल्डरात होतं. हा कंपायलर फक्त इंग्रजी अक्षरं वाचायचा. श्रीमधला श, त्याचा मोडका पाय, र आणि वेलांटी यांच्या जागी त्याला चार प्रश्नचिन्हं दिसत होती.

"मग श्री काढून टाकू," चन्नवीर म्हणाला.

बाजेवरून हरिबा उठून बसले. श्री काढून कुणाचं भलं झालं नाही, हे त्यांनी सांगितलं. चन्नवीरने त्यांची समजूत घातली, की श्रीला हात लावत नाही, शेजारी दुसरं खातं उघडतो. हरिबांनी विचार केला.

"श्री ऱ्हाऊ दे. त्यो बसायला हाय," ते म्हणाले. "कामाला दुसरा ठिवा."

चन्नवीरने इंग्रजी अक्षरांत 'गडी' नावाचं खातं उघडलं. गड्याने चार मिनिटांत दळण उरकलं. चौऱ्याऐंशी माणसं ओळीने उभी राहिली आणि मल्हारच्या डोळ्यांत पाणी आलं. कारखान्यातून सहा पानांवर छापून आणून ती त्याने खळीने जोडली.

रविवारी पाहुण्यांसमोर कागद सतरंजीवर पसरला. हरिबांनी चष्मा लावून बजाबाईवर बोट ठेवलं. बजाबाईला सहा मुली, गावोगाव दिलेल्या. एका रेघेवरून बोट दिपालीपर्यंत गेलं, दुसरीवरून मल्हारच्या आईपर्यंत. दोघी एका ओळीत होत्या.

"मावशीच," हरिबा म्हणाले.

आईने दुधनीची रेघ दाखवू पाहिली, पण दिपालीच्या वडिलांनी उठायला म्हणून टोपी डोक्यावर घातली होती. आठवडाभर खपून मल्हारने आपल्याच विरुद्धचा पुरावा छापून आणला होता.

हरिबांना मात्र कागद आवडला. आपली मोजणी किती पक्की, हे पाहुण्यांना दाखवायला त्यांनी बजाबाईच्या बाकीच्या लेकीही घेतल्या. थोरलीवरून बोट खाली आलं ते त्यांच्या स्वतःच्या आईवर. धाकटीवरून खाली आलं आणि तिथेच थांबलं.

"म्होरं कोन हाय?" मायाक्काने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मग मल्हारने वाकून वाचलं. "तू हायस, आज्जी. तू आन् आबाची आई मावसबहिनी."

मायाक्काने सावकाश हिशोब जुळवला.

"म्हंजी मी ह्येंची मावशी," ती म्हणाली. "अठ्ठेचाळीस वरसं झाली, येकदा बी पाया पडलं न्हाईत."

हरिबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा न लावता खिशात ठेवला. मग सहा पानांची घडी घालत ते पाहुण्यांना म्हणाले, "जेऊरची वाट लई लांबची. नातं दुधनीकडनंच मोजायचं आस्तंय. आमचं बी तिकडनंच मोजलं हुतं."

दिपालीच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आईने साखर वाटायला घेतली, आणि मल्हारने दिपालीला फोन लावायला अंगण गाठलं.

मायाक्का भिंतीला टेकून, हरिबांच्या समोर, दोन्ही पाय पसरून बसली होती.