दामूकाकांच्या इंग्रजी चित्रांतला भाऊ

इंग्रजी सिनेमाचा शौकीन म्हटलं की तुम्ही लगेच एक माणूस डोळ्यांसमोर उभा करणार. सूट, तोंडात पाइप, बोलताना खांदे उडवणारा. करा उभा. झाला? आता त्याला खाली बसवा, कारण आमचे दामूकाका तसले नव्हते. आखूड धोतर, वर काळा कोट, टोपी, बगलेत छत्री आणि अंगाला विड्याच्या पानांचा वास. इंग्रजी म्हणाल तर येस, नो आणि सॉरी. त्यातलं सॉरी ते गाईलासुद्धा म्हणायचे.

वसईतली त्यांची पानवेलीची वाडी चांगली चालायची. दर गुरुवारी ते मुंबईला पानांच्या व्यापाऱ्याकडे जायचे आणि काम उरकलं की फोर्टातल्या एका थेटरात शिरायचे. पण कुठल्याही चित्राला नाही. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवरची प्रेमाची चित्रं तेव्हा बऱ्याचदा पुस्तकानं सुरू व्हायची. पडद्यावर जाड, कातडी बांधणीचं पुस्तक यायचं आणि आपोआप पानं उलटायची. काकांना एवढी खूण पुरे. “पुस्तक उघडलं की बसायचं, बंदूक दिसली की उठायचं,” हा त्यांचा नियम. एकदा पुस्तकही उघडलं आणि पाठोपाठ शिकारीची बंदूकही निघाली, तेव्हा काका मध्यंतरापर्यंत दारात उभे होते.

शुक्रवारी दुपारी त्यांच्या अंगणात पानं लावायचं काम चालायचं. मोठी वेगळी, डागाची वेगळी, मग जुड्या. आळीतल्या बायका हातभार लावायला यायच्या, पण खरं म्हणजे कालचं चित्र ऐकायला यायच्या. मीही जायचो. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेला, आळीचा ठरलेला नकल्या. आणि असायची यमूआत्या, काकांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, ती भावाकडे परत आली. काकांनी लग्नच केलं नाही. घरात दोघंच.

“पोरगी म्हणजे आपल्यातलीच समजा,” काका सुरू करायचे. “शिकलेली, पण फटकळ. घोड्यावरनं बंगल्याचा मालक येतो. उंच, गोरा, पण तोंड असं, जसं कोणी याचा केळीचा घड कापून नेलाय. तो विचारतो, माझ्याशी लगीन करशील? ती म्हणते, नाय!”

“का पण? एवढा बंगला आहे ना!” काशीकाकू.

“पहिल्यांदा नायच म्हणतात, काशे. दम धर. आता बघा हं, हितं तिची मान वळते!”

आणि काका स्वतःची मान वळवायचे. मिशीसकट, सावकाश, पापण्या खाली. ही मान मी इतकी हुबेहूब करायचो की माझी आई हसता हसता लाटणं फेकून मारायची.

काकांच्या कुठल्याही चित्रात दोन गोष्टी ठरलेल्या. एक, दुसऱ्यांदा विचारलं की हिरोइन हो म्हणणार. दोन, हिरोइनीला एक मोठा भाऊ असणार. “पोरगी सासरी जाते, भाऊ फाटकात उभा,” काका सांगायचे. “पण मजेत हां! एकटा असला तरी स्वतःची पेज स्वतः करतो. काय अडत नाय त्याचं.”

आता एक गोष्ट आळीत सगळ्यांना माहीत होती, ती तुम्हालाही सांगून टाकतो. नायगावच्या शाळेत एक गुरुजी होते. बायको वारलेली, माणूस सरळ. तीन वर्षांपूर्वी त्यांनी यमूआत्याला मागणी घातली होती. आत्या म्हणाली, “दादाचं कोण करील?” आणि विषय संपला. आता गुरुजींची डहाणूला बदली झाली होती. जाण्यापूर्वी येत्या रविवारी येतो, एकदा शेवटचं विचारतो, असा त्यांचा निरोप आला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. त्याचा आणि काकांच्या चित्रांचा संबंध मात्र माझ्या मॅट्रिक डोक्यात शिरला नव्हता.

त्याच आठवड्यात मी हट्ट धरून काकांबरोबर चित्राला गेलो. पुस्तक उघडलं, काकांनी टोपी काढली. चित्र रंगत गेलं. शेवटी त्या बाईनं दुसऱ्यांदाही नाहीच म्हटलं. साहेब जहाजात बसून निघून गेला आणि ती पांढऱ्या केसांची होईपर्यंत खिडकीत बसली. दिवे लागले तरी काका चष्मा पुसत होते. परत येताना शेवटाबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मीही नाही. मी तो शेवट उद्यासाठी राखून ठेवला होता.

शुक्रवारी काकांनी मान वळवली, साहेबानं दुसऱ्यांदा विचारलं. “आणि ती म्हणते, हो!” काका म्हणाले. “भाऊ फाटकात उभा...”

मी उठलोच. “काका, भाऊ कुठनं आला? मी शेजारी बसलो होतो की! आणि हो कसलं? ती नाहीच म्हणते. मग अशी बसते!” काशीकाकूंचं फडकं डोक्यावर घेतलं, गाल आत ओढले आणि खिडकीतली म्हातारी केली. बायका हसून हसून पानांवर लोळल्या.

यमूआत्या हसली नाही. हातातली जुडी खाली ठेवून ती आत निघून गेली. काका दाराकडे बघत राहिले. “आज ऱ्हाऊ दे,” म्हणाले आणि वाडीत चालते झाले.

मी मागोमाग पळालो. ते विहिरीच्या काठावर बसले होते.

“नकला करतोस, कर,” काका म्हणाले. “पण दिसला शेवट म्हणून सांगायचा असतो काय रे? सहा महिने झाले, तिला सांगतोय. माझं काय अडत नाय म्हणून तोंडावर सांगितलं तर भांडते. म्हणून तो भाऊ घातला. साहेबांच्या बंगल्यात आपला माणूस घुसवायचा म्हणजे सोपं वाटलं तुला?”

“पण काका, पेज जमते तुम्हाला?”

“करपते,” काका म्हणाले. “तेवढं मी सांगत नाय.”

मी मागल्या दारी जाऊन यमूआत्यासमोर उभा राहिलो आणि चुकलं म्हणालो. तिनं आधी माझा कान धरला.

“गाढवा, तो भाऊ कोण ते मला कळत नव्हतं? इंग्लंडात कोण पेज करतं रे? माझं हो म्हणायचं कधीच ठरलंय. पण ते दादाच्या गोष्टीनं झालं, असं त्याला वाटायला पायजे होतं. आज गोष्ट संपली की सगळ्यांसमोर सांगणार होते. तू मधेच नाचलास!”

“मग आता?”

“आता जायचं, त्याला हाताला धरून आणायचं आणि म्हणायचं, काका, मी थेटरात झोपलो होतो, शेवट मी बघितलाच नाय. काशीला, सगळ्यांना परत बोलवायचं. आणि ऐक, अजून झालं नाय माझं! मी गेले की रोज दुपारी त्याच्यासमोर पाट मांडून जेवायला बसायचंस. एकटा असला की तो उभ्या उभ्या दोन घास खातो आणि झालं म्हणतो. बोलत बसायचंस त्याच्याशी. वाढेल ते गप गिळायचं. तोंड वाकडं केलंस असं कळलं ना, तर डहाणूहून येऊन मुस्काट फोडीन. बघतोस काय असा? पळ!”