तळ्यात कुणी खोकत नाही

शहरात कोण कुठे खोकतो याचा नकाशा काढावा, असा ठराव आरोग्य खात्याने गंभीरपणे मंजूर केला. एक दमेकरी, एक लाल ठिपका. जो प्रभाग सर्वांत लाल, तिथे छातीचा दवाखाना उघडायचा. खात्यातल्या नकाशाकाराने या कामात जीव ओतला, कारण त्याची ताई रंगाच्या कारखान्यामागे राहायची आणि जिना चढली की तिच्या छातीचा भाता व्हायचा. होता तो दवाखाना दोन बस बदलून. तो ताईच्या दाराशी आणला की भाऊ म्हणून जन्माला आल्याचं सार्थक, असं त्याला मनापासून वाटे.

ठिपके पडले ते नेमके कारखान्यामागे. इतके, की खालच्या गल्ल्या दिसेनात. नकाशा जाहीर झाला आणि लगेच त्या प्रभागाचं शिष्टमंडळ आलं. दवाखान्याची घाई करायला आले असतील, असं नकाशाकाराला वाटलं. कसलं काय! लाल प्रभागातल्या घरांकडे गिऱ्हाईक फिरकेना, ही त्यांची तक्रार. पुढारी होते त्याचेच भाऊजी, ताईचे यजमान.

"आमचा लाल रंग काढा," ते खोकत खोकत म्हणाले. "रोग सोसू आम्ही, बदनामी नाही सोसणार."

ताईला कुणी विचारलं नव्हतं. आणि बोलायला तिला दम तरी कुठे होता?

खात्याचे साहेब मोठे कनवाळू. खोटं काही करायचं नाही, फक्त शास्त्रशुद्ध करायचं, असं त्यांनी बजावलं. नुसती डोकी मोजणं अडाणीपणाचं. रोगी भागिले क्षेत्रफळ, हे खरं गणित. शिवाय प्रभागाला लागून एक भलंमोठं तळं होतं, कुणाच्याच हद्दीत नसलेलं, बिचारं पोरकं. ते या प्रभागाला जोडावं.

"साहेब, तळ्यात कुणी राहत नाही," नकाशाकार म्हणाला.

"म्हणून तर. तळ्यात कुणी खोकत नाही."

नकाशाकाराने रेघ ओढली. प्रभाग दुपारपर्यंत हिरवागार. शिष्टमंडळाने साहेबांचा सत्कार केला. भाषणं तेवढी खोकल्यामुळे आवरती घ्यावी लागली.

मग सर्वांत लाल कोण? साहेबांची वसाहत. हा स्वतंत्र प्रभाग म्हणजे चार बंगले आणि चिमूटभर जागा, पण साहेबांच्या सासूबाईंना जुना दमा. एकट्या सासूबाईंच्या जोरावर प्रभाग लालभडक झाला. नियम तो नियम, त्याला साहेब तरी काय करणार? दवाखाना त्यांच्या फाटकासमोर उघडला आणि जुना बंद झाला.

ताई धापा टाकत तिथवर पोचली. डॉक्टरांनी आधी पत्ता विचारला, मग नकाशा पाहिला.

"तुम्ही हिरव्यात राहता," ते समजुतीने म्हणाले. "हिरव्यात दम लागत नाही. मनाचे खेळ असतात हो."

परतताना बसमध्येच तिचा श्वास थांबला. मृत्यूचा ठिपका मृत्यूच्या जागी पडतो, आणि बसला प्रभाग नसतो. नकाशाकाराने तो ठिपका संगणकाच्या सगळ्या पडद्यावर फिरवून पाहिला, कुठेच बसेना. मग तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. रेघ त्यानेच ओढली होती ना.

भाऊजींनी घर विकायला काढलं. हिरवा प्रभाग, वर तळ्याचा शेजार. घर हातोहात गेलं. घेणाऱ्यांनी मोबाइलवर नकाशा मोठा करकरून पाहिला, खिडकी मात्र एकदाही उघडली नाही. त्यांना हसू नका. तुम्ही राहता त्या घराचं बोलू: घेताना तुम्ही तरी उघडली होती का?